वसुबारस ते वेळअमावस्या : अकरा घरांच्या विनादूध स्वयंपाकाच्या नोंदी

२८ ऑक्टोबर २०२४, सोमवार, लातूर

आज वसुबारस. संध्याकाळी कॉलनीच्या टोकाला असलेल्या गोठ्यात गाय-वासराची पूजा करायला गेले. पंधरा-वीस बाया ताटं घेऊन आधीच उभ्या होत्या. माझ्या माहेरी या दिवशी गहू-मूग चालायचे नाहीत आणि गाईच्या दुधातुपालाही कुणी शिवायचं नाही. बाजरीची भाकरी आणि गवारीच्या शेंगांची भाजी. लहानपणी आजीला कारण विचारलं होतं. ती म्हणाली, "आज वासराचा दिस हाय बाई. त्याच्या तोंडचं आपण कशाला घ्यावं?"

मांस-अंडी आमच्याकडे कधीच नव्हती. दूध, दही, तूप आणि मध सोडून मला सहा वर्षं झाली. या सहा वर्षांत लोकांना समजावण्याचे बरेच प्रयत्न केले, पण आजीच्या त्या वाक्याची आठवण आजपर्यंत कशी झाली नाही कोण जाणे. दूध वासराचं आहे हे आपल्या घरांना आधीच ठाऊक आहे, आणि वर्षातला एक दिवस आपण ते पाळतोसुद्धा. तोच दिवस लांबवायचा. ओळखीच्या घरांना एकवीस दिवसांच्या विनादूध स्वयंपाकाचं आवतन द्यायचं ठरवलं. जे होईल ते या वहीत लिहीत जाईन.

१ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

योगायोग असा की आज जागतिक व्हीगन दिवसही आहे. १९४४ च्या नोव्हेंबरमध्ये इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या काही सोबत्यांनी दूध-अंडीही न घेणाऱ्या शाकाहारींची वेगळी संस्था काढली, तेव्हा हा शब्द जन्माला आला. माझ्या आवतनात मात्र तो शब्द नाही. इथं "व्हीगन" म्हटलं की लोकांना पुण्या-मुंबईचं महागडं खूळ वाटतं. "विनादूध" म्हटलं की लगेच विचारतात, मग चहाचं काय?

फराळ नेहमीसारखाच. करंजी-शंकरपाळ्याला तुपाऐवजी करडईच्या कडकडीत तेलाचं मोहन घातलं. खुसखुशीत झाल्या.

५ नोव्हेंबर

अकरा घरं तयार झाली. त्यांत दोन माळकरी आहेत. पाच घरांत रविवारी मटण शिजतं, आणि एक घर नळेगावकडच्या शेतकऱ्याचं, मुलांच्या शिक्षणासाठी लातुरात खोली करून राहिलेलं. मटण खाणाऱ्या घरांनी पटकन हो म्हटलं आणि माळकरी घरांनी वेळ घेतला, हे मला अपेक्षित नव्हतं. "आम्ही तर शुद्ध शाकाहारी, आम्हाला काय सोडायचंय?" असं एका काकांनी विचारलं. प्रश्न खरा आहे. गाय-म्हैस व्याल्याशिवाय दूध नाही, आणि व्यालेल्यातली निम्मी पिल्लं नर. ती कुठं जातात, एवढंच मी विचारलं. काका बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "लिही आमचं नाव."

२०१९ मध्ये भिशीच्या बैठकीत मी मोबाइलवर कत्तलखान्याची चित्रफीत दाखवली होती. दोघी उठून गेल्या, त्यातली एक वर्षभर माझ्याशी बोलली नाही. माझं चुकलंच होतं. जेवायला बोलावलेल्या माणसाला घाबरवायचं नसतं. तेव्हापासून ठरवलंय, आधी ताट वाढायचं. विचारलं तर सांगायचं, आणि विचारलं तर खरंच सांगायचं, गोड करून नाही.

९ नोव्हेंबर

तीन घरांच्या स्वयंपाकघरात बसून गेल्या आठवड्यात काय काय शिजलं ते लिहून काढलं. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, पिठलं, शेंगोळे, मेथीची पातळ भाजी, वांगं, शेंगदाण्याची, कारळाची आणि जवसाची चटणी, ठेचा, धपाटे. यातलं एकही दुधावर चालत नाही. मराठवाड्याचं ताट मुळात कोरडवाहू जमिनीचं आहे, ते डाळी आणि तेलबियांवर उभं राहिलंय. दूध येतं ते चहात, दह्या-ताकात, वरणावरच्या तुपात आणि सणाच्या गोडात. चारच जागा. चारही जागांना तोड काढली तर काम झालं.

१० नोव्हेंबर, रविवार

दह्याची तोड. आज दिवसभर हेच केलं, म्हणून सविस्तर लिहिते.

पाव किलो शेंगदाणे घेतले. काळपट, सुरकुतलेले दाणे डोळ्यांत तेल घालून निवडून टाकले. बुरशी लागलेला एक दाणासुद्धा पोटात जायला नको. रात्री भिजवले, सकाळी चोळून सालं काढली. एवढ्या दाण्यांना सव्वा लिटर पाणी. थोडं थोडं पाणी घालत मिक्सरमध्ये गंधासारखं बारीक वाटलं आणि धुतलेल्या पंचाच्या फडक्यातून पिळून घेतलं. हे दूध मंद आचेवर सारखं ढवळत उकळायचं. तळाला फार लवकर लागतं आणि लागलं की करपट वास जात नाही. करंगळी सोसेल इतकं कोमट झालं की विरजण.

पहिल्या खेपेला विरजण आणायचं कुठून? हिरव्या मिरचीचे देठ. सात-आठ देठ धुऊन दुधात सोडायचे. देठावरच्या जिवाणूंनी दही लागतं, ही युक्ती जुन्या बायांना साध्या दह्यासाठीही माहीत आहे. उन्हाळ्यात रात्रीतून लागतं, पण आता हवेत गारवा आहे. पातेलं ज्वारीच्या पिठाच्या डब्यात पुरून ठेवलं आणि वरून गोधडी घातली. चौदा तासांनी पाहिलं तर कडेला पाणी सुटलं होतं, मधे मात्र सुरी फिरवली तर कापलं जाईल असं घट्ट. पहिल्या दह्याला मिरचीचा किंचित वास राहतो, ते कढीला वापरलं. त्यातलंच दोन चमचे पुढच्या दुधाला लावलं की वास जातो.

फडक्यात राहिलेला चोथा धपाट्याच्या पिठात मळला.

१२ नोव्हेंबर, कार्तिकी एकादशी

अकराही घरच्या बाया आणि चार पुरुष माझ्याकडे जमले. उपासाचा दिवस असल्यानं भगर आणि शेंगदाण्याची आमटी केली होती, तीही विनादूधच.

आज पदार्थांआधी बी१२ वर बोलले, कारण यात हयगय मी स्वतः भोगली आहे. दूध सोडल्यावर पहिली दीड वर्षं मी कोणतीही गोळी घेतली नाही. आंबवलेलं खाते, पालेभाज्या खाते, शरीर भागवून घेईल असं वाटायचं. पायांच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. जिना चढताना धाप लागायची, शब्द आठवायचे नाहीत. तपासणीत बी१२ फार खाली गेलेलं निघालं. इंजेक्शनं घेतली, मग सावरले. बी१२ जिवाणू तयार करतात, वनस्पती नाही. आंबील, इडली, स्पिरुलिना, यातलं काहीही भरवशाचं नाही. पालेभाज्या-डाळींतलं फोलेट भरपूर मिळत असल्यानं रक्त ठीक दिसू शकतं आणि आत नसा खराब होत राहतात. रोज निदान १० मायक्रोग्रॅम, किंवा आठवड्यातून एकदा २००० मायक्रोग्रॅमची गोळी. दुसरा मार्ग नाही. एकवीस दिवसांत कुणाला काही होणार नाही, पण पुढं चालू ठेवायचं असेल तर गोळी पहिल्या दिवसापासून, आणि आधीच थकवा-मुंग्या असतील तर डॉक्टरांकडून तपासणी करूनच. दूध पिणाऱ्या शाकाहारी घरांतही ही कमतरता भरपूर सापडते. बसलेल्यांतल्या तिघींना इंजेक्शनं आधीच होऊन गेली होती, तेही दूध-दही रोज खाऊन.

कॅल्शियमचा प्रश्न आलाच. त्याचं उत्तर आपल्या डब्यांत आहे. शंभर ग्रॅम म्हशीच्या दुधात साधारण १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं आणि न सोललेल्या दहा ग्रॅम तिळातही जवळजवळ तेवढंच. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास, शेवग्याच्या पाल्यात तीनशेच्या वर. पालकातलं मात्र अंगी लागत नाही, त्यातलं ऑक्झॅलेट ते धरून ठेवतं. लोहासाठी जेवणात लिंबू पिळायचं आणि जेवणाला लागून चहा घ्यायचा नाही. या शेवटच्या वाक्यावर सगळ्यांचे चेहरे पडले.

१३ नोव्हेंबर

सुरुवात. प्रत्येक घरी एक वाटी शेंगदाण्याचं विरजण पोचवलं. आमच्या कॉलनीत साध्या दह्याचं विरजण मागायला रोज कुणी ना कुणी कुणाच्या तरी दारात उभं असतं, त्यामुळे वाटी घेऊन फिरणारी मी कुणाला वेगळी वाटले नाही.

१६ नोव्हेंबर

चहानं घात केला. चौथ्याच दिवशी तिसऱ्या गल्लीतल्या काकूंनी हात जोडले. "बाई, दही नाही, तूप नाही, समदं करते. पण सकाळचा चहा नाही सुटत." आग्रह केला नाही. अजून एका घरी सोयाचं दूध उकळत्या चहात ओतलं आणि ते फाटलं. चहा गाळून कपात घ्यायचा आणि दूध वेगळं गरम करून वरून घालायचं, हे मी आधीच सांगायला हवं होतं. माझ्या घरी आता आलं, गवती चहा आणि गूळ घातलेला कोराच असतो. पहिले आठ-दहा दिवस काढले की जीभ वळते, हे खरं आहे. पण ते दहा दिवस अवघड असतात हेही तितकंच खरं.

२० नोव्हेंबर

मतदानाची सुट्टी. मत देऊन औसा तालुक्यातल्या माहेरच्या गावी गेले. भावाची म्हैस परवा रात्री व्याली. मी पायरी चढते न चढते तोच वहिनी वाटी घेऊन पुढं आली. खरवस. वेलदोडा घातलेला, अजून कोमट. माझ्यासाठी मुद्दाम राखून ठेवलेला.

वहिनीला माहीत आहे मी घेत नाही. पण पहिला खरवस माहेरवाशिणीला द्यायचाच, म्हणून तिनं धरला होता. तिचा हात धरून ओसरीवर बसवलं आणि म्हणाले, "वहिनी, तुझा जीव कळतो मला. पण हा त्याचा घास आहे." मग काय झालंय विचारलं.

"हल्याच झालाय," ती म्हणाली. "वगार झाली असती तर…" वाक्य तिनं पुरं केलं नाही. गरजही नव्हती.

गोठ्यात गेले. रेडकू खांबाला बांधलेलं, मांड्या थरथरत होत्या, कान ओले. चीक किती पाजला, म्हटलं. भाऊ म्हणाला, पाजला थोडा. वासरू आईच्या पोटातून रोगाशी लढायची ताकद घेऊन येत नाही, ती सगळी चिकातूनच मिळते. पहिल्या काही तासांत पोटभर मिळाला तरच, कारण दिवस उलटला की आतडं ते शोषणं बंद करतं. हे भावाला सांगितलं. दोन दिवस उशिरा सांगितलं.

भाऊ दुष्ट नाही. यंदा सोयाबीनला ४८९२ रुपये हमीभाव जाहीर झालाय आणि त्यानं विकलं ते त्याच्या बरंच खाली. तो म्हणाला, "ताई, सोयाबीनचा पैसा वर्षातून एकदा. दुधाचा दर दहा दिवसाला. किराणा कशावर भरू, सांग." माझ्याकडे उत्तर नव्हतं. परतताना त्याच्याकडून सोयाबीन, जवस आणि कारळं विकत घेऊन गाडीत टाकली. दूध सोड म्हणायच्या आधी त्याच्याकडून दुसरं काहीतरी विकत घ्यायची तयारी हवी.

२४ नोव्हेंबर

तेच सोयाबीन. लातूर हे सोयाबीनचं मोठं गाव. बाजार समितीच्या आवारात हंगामात पाय ठेवायला जागा नसते. पण लातूरकरांच्या घरात सोयाबीन शिजत नाही. ते गिरणीत जातं, तेल निघतं, आणि प्रथिनांनी भरलेली पेंड मुख्यतः कोंबड्यांच्या खाद्यात जाते. शंभर ग्रॅम सोयाबीनमध्ये छत्तीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आहेत, तुरीच्या डाळीच्या दीडपटीहून जास्त. शेतकरी पिकवतो, कोंबडी खाते आणि माणूस म्हणतो मला प्रथिनं कमी पडतात.

लोक खात नाहीत ते वासामुळं. त्याला उपाय आहे. रात्रभर भिजवलेलं सोयाबीन गार पाण्यातून थेट खळखळत्या पाण्यात टाकायचं, पाचेक मिनिटांनी काढून सालं चोळायची आणि मग गरम पाण्यातच वाटायचं. कच्च्या दाण्यात वास धरवणारं विकर उष्णतेनं मरतं. गाळलेलं दूध पुन्हा वीस मिनिटं उकळायचं, नाहीतर पचत नाही. एक किलोचं सहा-सात लिटर दूध निघालं. दुकानात डब्यातलं सोयादूध लिटरला शंभराच्या वर आहे, म्हणून लोकांना वाटतं हे श्रीमंतांचं काम. सात घरी हे करून दाखवलं. नळेगावच्या घरातल्या वहिनींनी चोथ्याचे सांडगे घातले, ते माझ्या डोक्यात कधीच आलं नसतं.

३ डिसेंबर

एकवीस दिवस पुरे. अकरापैकी सात घरं शेवटपर्यंत राहिली. दोन चहावर सुटली, एक पाहुण्यांवर, आणि एका घरी सासूबाई रुसल्या. सातांतल्या दोघांनी पुढं चालू ठेवायचं म्हटलंय. बाकीच्यांनी दही कायमचं बदललं, चहा परत दुधाचा. मटण खाणाऱ्या एका दादांनी सांगितलं, रविवारी एकदाच केलं, नेहमीसारखं गेलं नाही. याला मी यश मानते.

७ डिसेंबर

चंपाषष्ठी. वांग्याचं भरीत, पातीचा कांदा, बाजरीचा रोडगा. कुणाला काही सांगावं लागलं नाही.

८ डिसेंबर

भाचीच्या लग्नाची खरेदी. पैठणी घेण्यावरून बोलणं झालं. मी नवीन रेशीम घेत नाही. एका साडीमागं हजारो कोष, आणि धागा अखंड मिळावा म्हणून आतली अळी जिवंत असताना कोष उष्णतेत घालतात. पण बीड-जालन्यात कितीतरी शेतकरी तुतीवर तगलेत. कमी पाण्यात महिन्याकाठी पैसा देणारं दुसरं पीक त्यांच्याकडे नाही. त्यांच्यापुढं उभं राहून मी बोलणार नाही. भाचीला माझ्याकडून सुती इरकल दिलं. आईची जुनी पैठणी ट्रंकेत आहे, ती टाकून द्यायचा विचारही मनात येत नाही.

१३ डिसेंबर

सकाळी वहिनीचा फोन. रेडकू गेलं. आठ दिवस हगवण होती. भावानं औषध आणलं होतं, हे मला माहीत आहे, कारण कोणतं आणू ते त्यानं मलाच विचारलं होतं. वहिनी फोनवर रडली. म्हणाली, "म्हैस खुंट्याकडं वळून वळून रेकलालीय. धार काढू देईना." शेजारच्या कुणीतरी इंजेक्शन सुचवलं, कुणी कातड्यात पेंढा भरून पुढ्यात ठेव म्हणालं. तिनं दोन्ही केलं नाही.

पैठणला ज्ञानोबांनी रेड्यामुखी वेद वदवले, ही कथा मराठवाड्यात पोरापोराला ठाऊक आहे. त्या कथेचा आधीचा भाग फारसं कुणी सांगत नाही. रेड्याच्या पाठीवर आसूड ओढले आणि वळ उठले ते ज्ञानोबांच्या पाठीवर. मला वेदांपेक्षा ते वळ मोठे वाटतात. दिवसभर तेच डोळ्यांपुढं होतं, आणि खांबाला बांधलेलं ते ओल्या कानांचं पिल्लू.

काम काही केलं नाही आज.

३० डिसेंबर, वेळअमावस्या

कालच गावी आले. वेळअमावस्येला लातूर-धाराशिव भागात शहरं ओस पडतात, सगळे शेतात. भज्जीची तयारी पहाटे चारला सुरू झाली. तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे ओले दाणे, भुईमूग, गाजर, मेथी, चिंच, मिळेल ती भाजी, आणि दाट करायला डाळीचं पीठ. बाजरीचे उंडे. गव्हाची खीर गुळातली, यंदा दूध न घालता खोबऱ्याच्या दुधात.

प्रश्न आंबिलीचा. ज्वारीचं पीठ दोन दिवस आंबवून शिजवायचं आणि गार झालं की ताक. आई म्हणाली, "ताक नाही तर आंबील कशाची गं माय?" मी शेंगदाण्याचं दही घुसळून ताक केलं. लसूण, आलं, जिरं, हिरवी मिरची ठेचून घातली, वरून कोथिंबीर. वहिनीनं तिची नेहमीची केली. दोन बिंदगी भरली. एक तिच्या डोक्यावर, एक माझ्या.

शेतात कडब्याची कोप, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, म्हणजे पांडव. पूजा झाली. शेताच्या कडेनं आंबील शिंपडत फिरायची वेळ आली तेव्हा भावानं जवळचं बिंदगं उचललं. ते माझं होतं. त्याला माहीत होतं की नाही, मी विचारलं नाही. ज्वारी पोटरीतून बाहेर पडली होती. तो पुढं शिंपडत चालला होता, मागं पोरं ओरडत होती.

जेवताना आईनं दोन्ही चाखल्या. माझ्या आंबिलीला म्हणाली, "लसूण कमी पडला."

६ जानेवारी २०२५

दुसऱ्या फेरीसाठी नऊ घरांची नावं आलीत, त्यातली तीन औशाची. बी१२ च्या गोळ्यांचं पत्रक आधी द्यायचं आणि चहाची कृती पहिल्याच दिवशी करून दाखवायची. भावाकडून दोन पोती शेंगा सांगितल्या.

दुपारी दार वाजलं. तिसऱ्या गल्लीतल्या काकू, चौथ्या दिवशी चहासाठी सुटलेल्या. हातात स्टीलची वाटी. "कालचं सगळं संपलं, विरजणालासुद्धा ठेवायचं राहिलं. तुझ्या शेंगदाण्याचं दे थोडं." चहाविषयी मी काही विचारलं नाही. दोन चमचे घातले आणि म्हटलं, थंडी आहे, पिठाच्या डब्यात ठेवा, सकाळपर्यंत हलवू नका.